एकोणनव्वदावं मूलद्रव्य

मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मी आमच्या विज्ञानाच्या बाईंकडे बोट दाखवीन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही, कारण तेही बाईंकडेच बोट दाखवतील. शाळेत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. इतर शिक्षिकांच्या नावापुढे बाई लागायचं, यांचं नावच बाई होतं. मीही इथे तेवढंच लिहितो.

आमची शाळा रत्नागिरी शहरात आणि घर भाट्याच्या खाडीपलीकडे. आठवीपर्यंत मी गावातच शिकलो. नववीला शहरातल्या शाळेत नाव घालायचं ठरलं, पण शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला आणि मी वर्गात जाऊन बसलो तेव्हा पहिली चाचणी होऊन गेली होती. त्या उशिरामुळे मला मिळालेला क्रमांक अजूनही माझ्यासोबत आहे.

बाईंची एक पद्धत होती. शाळेच्या हजेरीपटात अ आणि ब तुकडीचे क्रमांक वेगवेगळे असत. विज्ञानाच्या तासाला मात्र दोन्ही तुकड्या एकत्र बसत, म्हणून बाईंनी स्वतःच्या वहीत त्या सलग मांडल्या होत्या, आणि ज्याचा जो क्रमांक त्याला त्याच अणुक्रमांकाचं मूलद्रव्य. हजेरी घेताना 'हजर' म्हणायचं नाही, आपल्या मूलद्रव्याचं नाव सांगायचं. बाई म्हणायच्या, "एक." पहिल्या बाकावरून आवाज यायचा, "हायड्रोजन, बाई." सव्वीस नंबरचा मुलगा अंगाने दांडगा होता, तो "लोखंड" असं ओरडायचा आणि वर्ग हसायचा. एकोणऐंशीला सोनं होतं, ती मुलगी मान वर करून उत्तर द्यायची. मी शेवटी आलो म्हणून शेवटचा, एकोणनव्वद. ॲक्टिनियम.

पहिल्या दिवशी मला ते नाव नीट उच्चारताही आलं नाही. सव्वीस नंबर मागून म्हणाला, "कसलं रे हे? औषधाचं नाव वाटतंय."

भिंतीवरच्या तक्त्यातही माझं मूलद्रव्य धड दिसत नव्हतं. ओल येऊन तक्त्याचा खालचा भाग फुगला होता आणि माझा चौकोन नेमका तिथे होता.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या मूलद्रव्यावर एक पान लिहून आणायचं होतं. शीर्षकं बाईंनी फळ्यावर लिहून दिली: गुणधर्म, प्राप्तिस्थान, उपयोग. ज्यांना तांबं, कथील, आयोडीन होतं त्यांचं काम घरातल्या घरात झालं. माझ्या पुस्तकात ॲक्टिनियमविषयी एक ओळ नव्हती. सापडण्याची ठिकाणं लिहायची म्हणून मी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथल्या पुळणीत काळ्या रेतीचे पट्टे असतात, लाट मागे गेली की ते चमकतात. दुर्मीळ वस्तू असेल तर ती अशीच काळी आणि चमकणारी असेल, असं मला वाटलं. मी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत ती रेती भरली आणि सुट्टी संपल्यावर बाईंच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"ॲक्टिनियम, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून लोहचुंबक काढलं आणि बाटलीला लावलं. काळे कण सरसर चुंबकाकडे सरकले.

"यात लोखंड आहे आणि टायटॅनियम आहे. म्हणजे ही बाटली सव्वीस आणि बावीस नंबरची. त्यांना देऊन टाक." मग माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "तुझाही एखादा अणू असेल हो यात. रेतीत थोडं थोरियम असतं, ते मोडत मोडत जातं तेव्हा वाटेत ॲक्टिनियम होतं. पण ते तुझ्या बाटलीत बसून राहणार नाही. काही तासांत दुसरंच काहीतरी होईल."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई वाचनालयात गेल्या. कुठल्या तरी जाडजूड ग्रंथातून त्यांनी माझ्यासाठी एक पान मराठीत उतरवून आणलं. ते पान माझ्याकडे आहे. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत. रुपेरी पांढरा धातू. हवेत पटकन काळवंडतो. अंधारात फिकट निळा उजेड देतो, कारण त्यातून निघणारे किरण आजूबाजूच्या हवेला चेतवतात. युरेनियमच्या खनिजात सापडतो, पण एक टन खनिजात मिलिग्रॅमचाही जेमतेम काही भाग. नाव किरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं.

तिसऱ्या शीर्षकाखाली बाईंनी काही लिहिलं नव्हतं. ते मला भरायचं होतं. मी लिहिलं, 'उपयोग: काही नाही.'

बाईंनी तांबड्या शाईने 'काही नाही' खोडलं. "असं लिहू नये. 'अजून सापडलेला नाही' असं लिही. दोन्हींत फरक आहे."

बारावीनंतर वडिलांनी मला मुंबईला न्यायचं ठरवलं होतं. ते तिथे एका गोदामात कामाला होते आणि माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. बाईंना हे कळलं तेव्हा त्या एका रविवारी खाडीवरचा पूल ओलांडून आमच्या घरी आल्या. आमची बौद्धवाडी. शहरातली माणसं यायची ती अंगणातच बोलून जायची. बाई सरळ घरात येऊन खाली बसल्या आणि आईला म्हणाल्या, "चहा टाका, साखर कमी." आई गडबडली. चहा झाला, बाईंनी तो बशीत ओतून प्यायला, मग मुद्द्यावर आल्या.

मला न्यायला मुंबईहून आलेले वडील म्हणाले, "बाई, आमच्यात बारावी झाला हेच खूप. आता कुठेतरी चिकटू दे."

"चिकटेल ना. फक्त कुठे चिकटवायचं ते आणखी तीन वर्षांनी ठरवू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी त्याला घेऊन तुमच्या गोदामात येते."

वडील हसले. ते हसले तिथेच माझं काम झालं. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पुढे मुंबईत किरणोत्सारी औषधांचा अभ्यासक्रम केला. तो निवडताना मनात बाईंनी खोडलेली ती ओळ होती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांसाठी अशी औषधं तयार करायचं काम मी करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात ॲक्टिनियम आलं.

खनिजातून मिळणारं ॲक्टिनियम वेगळं आणि आमच्याकडे येतं ते वेगळं. आमचं दोनशे पंचवीस वस्तुमानाचं. ते जुन्या थोरियमच्या एका खास प्रकारातून थोडं थोडं वेगळं काढावं लागतं, आणि हे करणाऱ्या जागा जगात मोजक्या आहेत. एका छोट्या काचेच्या कुपीत, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा क्षार, शिशाच्या जाड डब्यात बसून विमानाने येतो. त्याचं अर्धायुष्य दहा दिवसांचं. आज जेवढं आहे त्याचं दहा दिवसांनी निम्मं, वीस दिवसांनी पाव. म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. रुग्ण आधी ठरतात, तारीख ठरते, मग मागणी जाते. कुपी आली की आम्ही क्षार सौम्य आम्लात विरघळवतो, गाठीच्या पेशी शोधून त्यांना चिकटणाऱ्या रेणूशी त्याची जोडणी करतो आणि त्याच दिवशी ते रुग्णाच्या शिरेतून आत जातं. त्याचे किरण जोरकस असतात, पण चालतात अगदी थोडं, दोनचार पेशींच्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे गाठ जळते आणि शेजार बराचसा वाचतो.

पहिली कुपी हातात आली त्या दिवशी मी बाईंना फोन केला. त्या तेव्हा निवृत्त होऊन घरीच असत. यजमान आधीच गेले होते, मूल नव्हतं, सोबत एक भाची राहायची. मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की ॲक्टिनियम थेट मोजता येत नाही. त्याच्यापासून पुढे जी मूलद्रव्यं होतात ती तयार होईपर्यंत थांबायचं, मग त्यांच्यावरून हिशेब करायचा, मूळ किती होतं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच. मला कुणी मोजायला आलं तर तुम्हां पोरांवरूनच मोजणार. माझं काही खरं नाही."

त्यानंतर दोन वर्षांनी बाईंच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. हळू वाढणारी जात होती, पण कळेपर्यंत ती यकृतात पोहोचली होती. मी त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. आधी ल्युटेशियमचं औषध दिलं. बाईंनी लगेच विचारलं, "एकाहत्तर. ती बोलकी मुलगी होती, तिसऱ्या बाकावरची. कुठे असते रे आता?" चार वेळा ल्युटेशियम झालं. वर्षभर बरं गेलं, मग गाठी पुन्हा वाढू लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता ॲक्टिनियम देऊन बघू.

मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं पान पुरं झालं म्हणायचं."

मागणी गेली. फाल्गुनात खेप येणार असं कळलं. तीन रुग्णांची ती खेप होती आणि त्यात बाई होत्या. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुमच्या ओळखीच्या आहेत, तारीख तुम्हीच कळवा आणि सगळं नीट समजावा. मी फोन केला.

"बाई, पुढच्या बुधवारी औषध आहे. मंगळवारी इथे पोहोचायचं."

"बुधवारी माझ्याकडे पालखी आहे रे."

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कुठल्या दिवशी कुठलं घर ते ठरलेलं असतं. ज्या घरी ती येते तिथे अंगण सारवलेलं असतं, ओटीचं ताट तयार असतं, आणि पालखी घेऊन पोरं अंगणात नाचतात. ज्या घराचं दार बंद, तिथून ती पुढे जाते. आमच्या वाडीत ती येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ते सगळं केव्हाच सोडलं.

"भाची घेईल की पालखी," मी म्हणालो.

"देवाचं बाजूला ठेव. यजमान गेल्यापासून वर्षातून एकदाच एवढी माणसं माझ्या अंगणात येतात. पालखीला खांदा देणारी निम्मी पोरं माझ्या हाताखालची आहेत. दार बंद दिसलं तर समजतील, बाई गेल्या." त्या हसल्या. "पुढची खेप कधी?"

"तीन आठवड्यांनी आहे, बाई."

"मग तेव्हा येते. तीन आठवड्यांत काही मरत नाही मी. तुला काय वाटतं?"

त्यांनी विचारलं होतं. वर्गात विचारायच्या तसंच, उत्तर येईपर्यंत थांबून. आणि मला जे वाटत होतं ते मला चांगलं माहीत होतं. पुढची खेप कागदावर तीन आठवड्यांनी असते, प्रत्यक्षात ती येईलच असं नसतं. तिकडे यंत्र बंद पडलं, विमान चुकलं, कागद अडकला, की सगळंच पुढे जातं. दुसऱ्या कुठल्याही रुग्णाला मी हे पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. पण समोर बाई होत्या. बाईंनी एखादी गोष्ट ठरवल्यावर 'नाही' म्हणायची सवय माझ्या जिभेला नव्हती. आणि दुसरंही होतं. पालखी ही त्यांची गोष्ट, माझी नव्हे. आम्ही ज्या गोष्टीतून बाहेर पडलो तिच्याविषयी त्यांना 'यंदा राहू दे' म्हणणारा मी कोण, असं मला वाटलं. आमच्या घरात बसून चहा प्यायलेल्या बाईंच्या अंगणाविषयी मी बोलायचं का?

मी म्हणालो, "चालेल, बाई."

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "पुढच्या खेपेचा भरवसा नसतो, हे सांगितलंत ना त्यांना?"

"हो, सर."

बुधवारी कुपी आली. बाईंच्या वाट्याचं औषध नाशिककडच्या एका गृहस्थांना दिलं, ते प्रतीक्षा यादीत होते. ते अजून आहेत, तपासणीला येतात, येताना द्राक्षं घेऊन येतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही वाईट नाही. द्राक्षं मात्र मी खात नाही, सहकाऱ्यांना वाटतो.

त्याच संध्याकाळी भाचीने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. बाईंचं अंगण, मधोमध पालखी, ढोल थांबलेला. बाई खुर्चीवर बसलेल्या, फार बारीक झालेल्या, हातात ती जुनी वही. त्या वाचत होत्या, "सव्वीस." पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा दिलेला एक टकलू माणूस, आता रिक्षा चालवतो, अगदी पूर्वीसारखा ओरडला, "लोखंड, बाई." सगळं अंगण हसलं. अठ्ठेचाळीसने उत्तर दिलं, बावन्न आला नव्हता, त्याच्या भावाने दिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "एकोणनव्वद." कुणी काही बोललं नाही. बाईंनी वहीतून वर बघितलं आणि त्याच म्हणाल्या, "तो मुंबईला आहे. माझ्याच कामात आहे."

मी ती चित्रफीत नंतर किती वेळा बघितली ते सांगत नाही.

पुढची खेप आली नाही. तिकडचं उत्पादन काही काळ थांबलं आहे, एवढंच पत्र आलं. त्याच्या पुढचीही आली नाही. बाईंचं पोट फुगू लागलं, डोळे पिवळे झाले. त्यांना इथे आणून फायदा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या बुधवारी औषध मिळालं असतं तर बाई वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. काहींना लागू पडतं, काहींना नाही. पण ते घ्यायचं की सोडायचं हे त्यांनी अर्धवट माहितीवर ठरवलं, आणि उरलेली अर्धी माझ्याकडे होती.

वैशाखात मी त्यांना पत्र लिहिलं. फोनवर बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि मला तर मुळीच जमलं नसतं. पत्र पोहोचल्यानंतर नऊ दिवसांनी बाई गेल्या. मी रत्नागिरीला गेलो तेव्हा भाचीने पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मावशीने दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग पेन मागितलं."

समासात तांबड्या शाईची एकच खूण होती. जिथे मी माझी चूक लिहिली आहे, नेमकी त्या वाक्यापुढे, बरोबर उत्तराला करायच्या तशी. रेघ लांबवर घसरत गेली होती. आधी मला ती फार लागली. 'असू दे रे' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, असं वाटलं. पण तसं खोटं त्यांनी कुणाच्याच वहीत कधी लिहिलं नव्हतं, माझ्याही नाही. आता विभागात रुग्णाला तारीख देताना मी ते वाक्य आधी सांगतो: पुढची खेप येईलच असं नाही. समोर कुणीही असो.

पत्र असं होतं.

ती. बाईंना,
सा. न.

भाचीकडून तब्येत कळते. भात जात नसेल तर पेज घ्या, मीठ कमी घाला.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही शिमग्यात फोनवर विचारलंत, तुला काय वाटतं. मी चालेल म्हणालो. मला तसं वाटत नव्हतं. पुढची खेप चुकू शकते हे मला माहीत होतं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. वर डॉक्टरांना खोटंच म्हणालो, की तुम्हाला सांगितलं आहे. बाई, मी त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं, निदान जे माहीत होतं ते सगळं सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकून घेऊन तरीही पालखीसाठी थांबला असतात, तर ते तुमचं उत्तर झालं असतं. आता ते माझं झालं आहे.

मी गप्प का बसलो याचा विचार केला. तुमचा मान राखतोय असं मला वाटलं होतं. पण तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा वडिलांचा मान राखून गप्प बसला नव्हतात. तेव्हा तुम्ही गप्प बसला असतात तर मी आज गोदामात असतो.

पालखीची चित्रफीत बघितली. सव्वीस नंबर अजून तसाच आहे. माझा नंबर आला तेव्हा मी तिथे असायला हवा होतो.

तुम्ही उतरवून दिलेलं पान मी जपून ठेवलं आहे. उपयोगाच्या पुढे अजून 'सापडलेला नाही' असंच आहे. मी ते बदललेलं नाही. तुम्हाला औषध दिल्यावर तुमच्या समोर बदलणार आहे.

तिकडून नवीन पत्र आलं आहे, पावसाच्या आधी खेप येईल असं म्हणतात. येईलच असं नाही, हे या वेळी आधीच सांगतो. पण आली तर मी स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतो. तारीख मी सांगेन, आणि ती तुम्ही बदलायची नाही.

आपला विद्यार्थी,
क्रमांक एकोणनव्वद